रसायनशाळेतून क्वांटम संगणकाकडे



आजच्या भाषणाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल, की ही दोन वेगळ्या गावांची नावे आहेत. यांना जोडणारा रस्ता कुठला? रसायनशास्त्र म्हणजे परीक्षानळी, ब्युरेट, आम्ल आणि लिटमसचा कागद. संगणक म्हणजे आकडेमोड. आणि क्वांटम संगणक तर अजून आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला. पण असा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याने चालत गेलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाची हकीकत मी आज सांगणार आहे. त्यांचे नाव आलान आस्पुरू-गुझिक. मी स्वतः गणिताचा शिक्षक. त्यामुळे रसायनाच्या अंगणात मला थोडा वेळ वावरू द्यावे, एवढी विनंती.

प्रथम रसायनशास्त्रज्ञाला काय हवे असते ते पाहू. दोन पदार्थ एकत्र आले तर त्यांच्यात क्रिया होईल का, झाली तर किती वेगाने होईल, आणि त्यातून कोणता पदार्थ निघेल, हे त्याला आधी सांगता यायला हवे असते. नळीत ओतून पाहणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा गणिताने काढणे. ही ऊर्जा कळली की पुष्कळसे कळले. मात्र ती फार अचूक काढावी लागते. क्रिया सुरू होण्यासाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्याची उंची काढताना एका मोलमागे एका किलोकॅलरीची चूक झाली, तर साध्या तापमानाला क्रियेच्या वेगाचे उत्तर जवळजवळ पाचपटीने चुकते. आणि ही उंची निघते दोन प्रचंड आकड्यांच्या वजाबाकीतून. धान्याने भरलेली बैलगाडी काट्यावर चढवून तोलायची, तिच्यावर चिमणी बसली की पुन्हा तोलायची, आणि दोहोंच्या फरकातून चिमणीचे वजन सांगायचे, असला हा प्रकार आहे.

बरे, यासाठी लागणारे नियम माहीत नाहीत असेही नाही. पॉल डिरॅक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२९ मध्येच लिहून ठेवले आहे, की साऱ्या रसायनशास्त्राच्या मुळाशी असलेले नियम आता पूर्णपणे कळले आहेत. अडचण इतकीच, की त्यांतून निघणारी समीकरणे सोडवण्याच्या पलीकडची आहेत. "अडचण इतकीच" या शब्दांवर पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली आहेत!

ही अडचण किती मोठी, ते दिवाळीतल्या पणत्यांवरून समजेल. ओट्यावर तीन पणत्या ओळीने ठेवा. प्रत्येक पणती पेटलेली असेल किंवा विझलेली. अशा एकूण रचना किती? आठ. दहा पणत्या ठेवल्या तर १,०२४. वीस ठेवल्या तर १०,४८,५७६. पणत्या दुप्पटच झाल्या, पण रचना हजारावरून दहा लाखांच्या वर गेल्या. पन्नास पणत्यांना ही संख्या १,१२५ लाख कोटींच्याही पुढे जाते. रेणूत इलेक्ट्रॉनांना राहण्यासाठी ज्या जागा असतात त्यांचे तसेच आहे. प्रत्येक जागा भरलेली किंवा रिकामी. इलेक्ट्रॉनांची संख्या ठरलेली असल्याने काही रचना गळतात हे खरे, तरी उरलेल्यांची गर्दी काही कमी नसते. शिवाय रेणू यांपैकी एकाच रचनेत स्वस्थ बसत नाही. तो एकाच वेळी या साऱ्या रचनांच्या मिश्रणात असतो, आणि प्रत्येकीचे प्रमाण आपल्याला हिशेबात धरावे लागते. रेणू थोडा मोठा झाला, की जगातला मोठ्यात मोठा संगणकही हात टेकतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ पूर्वीपासून अंदाजाच्या युक्त्या लढवत आले आहेत. त्या युक्त्या उत्तम आहेत, रोज कामी येतात, पण काही रेणू त्यांनाही दाद देत नाहीत.

आता आस्पुरू-गुझिक यांच्याकडे येऊ. ते मेक्सिको शहरात वाढले आणि तेथल्याच राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातून १९९९ मध्ये रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत गेले आणि विल्यम लेस्टर यांच्या हाताखाली २००४ मध्ये डॉक्टर झाले. त्यांचा विषय अगदी हाच, रेणूंची ऊर्जा काढणे. त्यासाठी ते वापरत असलेल्या पद्धतीला क्वांटम माँटे कार्लो म्हणतात. माँटे कार्लो हे जुगारासाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण. या पद्धतीतही एका अर्थी फासे टाकले जातात. सगळ्या रचना मोजणे शक्य नाही, तर फासे टाकून त्यांतल्या काही निवडाव्यात आणि त्यांवरून सरासरी काढावी. पोत्यात बांबू खुपसून मूठभर धान्य काढायचे आणि त्यावरून पोत्याची परीक्षा करायची, तसेच हे. पण इलेक्ट्रॉनांची एक खोड आहे. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की हिशेबातले चिन्ह उलटते, अधिकाचे उणे होते. त्यामुळे नमुन्यातले अधिक आणि उणे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती उरते ती बहुतांशी चूक. या अडचणीला "चिन्हाचा प्रश्न" असेच नाव आहे. ज्याने चार-पाच वर्षे या चिन्हाशी झुंज घेतली, त्याला दुसऱ्या एखाद्या यंत्राचा मोह पडला तर नवल नाही.

त्या दुसऱ्या यंत्राची कल्पना रसायनातून आली नव्हती. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेने भरवलेल्या एका परिषदेत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने असा विचार मांडला, की निसर्ग जर क्वांटमच्या नियमांनी चालतो, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांनी चालणारे का करू नये? पणत्यांचा हिशेब कागदावर मांडत बसण्यापेक्षा पणत्यांसारख्याच वागणाऱ्या वस्तू घ्याव्यात. अशा वस्तूला आज क्यूबिट म्हणतात. साध्या संगणकातला बिट हा पेटलेला किंवा विझलेला. क्यूबिट दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. पन्नास क्यूबिट एकमेकांशी गुंतवून ठेवले, की त्या १,१२५ लाख कोटी रचनांचे मिश्रण त्यांच्यात आपोआप मावते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो काढून टाकलेला बरा. क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो आणि बरोबर उत्तर हातावर ठेवतो, असे वर्तमानपत्रांत वाचायला मिळते. ते तसे नाही. आत मिश्रण असले, तरी आपण डोकावून पाहिले की एकच रचना दिसते, आणि तीही दैवाने. मग उपयोग काय? उपयोग करून घेण्यासाठीच तर अल्गोरिदम लागतो. अल्गोरिदम या शब्दाला भिऊ नये. पाटीवर भागाकार करताना आपण जी ठरलेली रीत वापरतो तोही अल्गोरिदमच. विहिरीत दोन दगड टाकले तर लाटा काही ठिकाणी एकमेकींना उचलतात आणि काही ठिकाणी एकमेकींना मारतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. क्वांटम अल्गोरिदम म्हणजे, नको असलेल्या उत्तरांच्या लाटा मराव्यात आणि हव्या त्या उत्तराची लाट उंच उरावी, अशी दगड टाकण्याची नेमकी रीत. ती शोधून काढणे महाकठीण. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची रीत दिली, त्यानंतर या विषयाकडे लोक गंभीरपणे पाहू लागले. रेणूची ऊर्जा काढण्याची रीत १९९९ मध्ये डॅनियल अब्राम्स आणि सेथ लॉइड यांनी कागदावर मांडली.

कागदावर मांडणे आणि रसायनशास्त्रज्ञाच्या कामी येणे यांत अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम २००५ मध्ये झाले. आस्पुरू-गुझिक, अँथनी डुटोई, पीटर लव्ह आणि मार्टिन हेड-गॉर्डन या चौघांनी "सायन्स" या साप्ताहिकात एक निबंध छापला. त्यांनी पाणी आणि लिथियम हायड्राइड असे दोन लहान रेणू घेतले. इलेक्ट्रॉनांच्या जागा क्यूबिटांवर कशा बसवायच्या ते ठरवले. मग ऊर्जा वाचायची कशी? क्वांटमच्या नियमाप्रमाणे ठरावीक ऊर्जेची अवस्था घड्याळाच्या काट्यासारखी आतल्या आत फिरत असते. ऊर्जा जेवढी जास्त तेवढा काटा वेगाने फिरतो. काट्याचा वेग वाचला की ऊर्जा कळली. पण पुरेशा अचूकपणे वाचायचे तर केवळ वाचनासाठी सुमारे वीस क्यूबिट वेगळे ठेवावे लागत होते. या चौघांनी वाणी तोलतो तशी युक्ती केली. आधी किलोची मापे टाकून ढोबळ वजन घ्यायचे, मग पावाची, मग त्याहून लहान. प्रत्येक वेळी मागचे वजन वजा करून उरलेलेच तोलायचे. त्यामुळे वीस क्यूबिटांचे काम चार क्यूबिटांत भागले. रेणू वाढला तर क्यूबिट त्याच्या जागांच्या प्रमाणातच वाढतात, पणत्यांच्या रचनांसारखे उसळत नाहीत, हेही त्यांनी दाखवले.

आणि हे सारे त्यांनी कशावर केले? साध्या संगणकावर. क्वांटम संगणकाचे सोंग साध्या संगणकाकडून वठवून घेतले, कारण खरे यंत्र नव्हतेच. त्या सुमाराची मोठी कामगिरी म्हणजे २००१ साली सात क्यूबिटांच्या एका यंत्रावर १५ या संख्येचे अवयव ३ आणि ५ असे पाडण्यात आले, ही! आपल्या चौथीतला मुलगा हे तोंडी करील. अशा वेळी, नोकरी अजून लागायची असताना, जे यंत्र जगात नाही त्याच्यासाठी रीती शोधण्यात उमेदीची वर्षे घालावीत, हा निर्णय मला साधा वाटत नाही. विहीर खणण्याआधी मोट शिवायला घेण्यासारखे ते होते. २००६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या रसायन विभागात त्यांना जागा मिळाली आणि तेथे त्यांनी हे काम चालू ठेवले. रसायन विभागात, हे लक्षात घ्यावे. त्यांचा प्रश्न बदलला नव्हता, हत्यार तेवढे बदलले होते.

पुढे २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मंडळींबरोबर त्यांनी खऱ्या यंत्रावर पहिला प्रयोग केला. प्रकाशाच्या कणांचे दोन क्यूबिट, आणि रेणू हायड्रोजनचा, म्हणजे सर्वांत लहान. उत्तर बरोबर आले. पण हायड्रोजनच्या रेणूचे गणित हाइटलर आणि लंडन या दोघांनी १९२७ मध्येच कागद-पेन्सिलीने मांडले होते! कुणी म्हणेल, ऐंशी वर्षांनी तेच पुन्हा करण्यात पुरुषार्थ कोणता? मला वाटते, नवी कुऱ्हाड प्रथम ओल्या फांदीवरच चालवून पाहतात.

२०१४ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांसह त्यांनी एक नवी रीत प्रसिद्ध केली. काट्याचा वेग वाचणारी जुनी रीत चांगली, पण ती पुरी होईपर्यंत आजचे नाजूक क्यूबिट दम धरत नाहीत. थोड्याशा उष्णतेने किंवा कंपनाने ते बिघडतात. म्हणून काम वाटून घ्यायचे ठरले. कल्पना करा, काळोख्या रात्री शेतातली सर्वांत सखल जागा शोधायची आहे. कंदील नाही. पायाला उतार लागेल तिकडे एक पाऊल टाकायचे, पुन्हा चाचपायचे. रेणूची खरी ऊर्जा म्हणजे ती सखल जागा; आणि क्वांटमचा एक जुना सिद्धांत असा, की तुमचा अंदाज कितीही चुकला तरी त्याची ऊर्जा त्या जागेच्या खाली कधीच जात नाही. म्हणजे खाली खाली जात राहिले की आपण वाटेवर आहोत. चाचपण्याचे काम क्वांटम यंत्राने करावे आणि पाऊल कोणीकडे टाकायचे ते साध्या संगणकाने सांगावे, अशी ही वाटणी. ही रीत लहान यंत्रांना झेपण्याजोगी असल्याने जगभर तिचा बोलबाला झाला. २०१७ मध्ये आय.बी.एम. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सहा क्यूबिटांवर बेरिलियम हायड्राइडच्या रेणूची ऊर्जा याच वळणाच्या रीतीने काढली.

आता पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या २०१४ च्या निबंधावर जॅरॉड मॅक्लीन या विद्यार्थ्याचेही नाव होते. ते आस्पुरू-गुझिक यांच्याकडेच हार्वर्डला डॉक्टर झाले आणि पुढे गूगल कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. रायन बॅबुश हे त्यांचे गुरुबंधूही तेथेच. या दोघांनी आणखी काही जणांबरोबर २०१८ मध्ये असे दाखवून दिले, की क्यूबिट वाढवत गेले आणि सुरुवात अंदाधुंद केली, तर ते शेत जवळजवळ सगळीकडे सपाट होते. माळरानच म्हणा ना! पायाला उतारच लागत नाही, मग पाऊल टाकायचे कोणीकडे? त्यांनी त्याला नावही "ओसाड पठार" अशाच अर्थाचे दिले. ज्या रीतीच्या घडणीत आपला हात होता, तिच्या घराण्याचा दोष आपणच चव्हाट्यावर मांडावा, याला शास्त्रातले वळण म्हणतात. गुरूच्या रीतीवर प्रश्न विचारणारा विद्यार्थी आमच्या वर्गांतून क्वचितच दिसतो, आणि दिसला तर त्याला आम्ही खाली बसवतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे विचाराल तर हरभऱ्याचे किंवा तुरीचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन घेऊन त्याचा अमोनिया करतात, जमिनीच्या साध्या तापमानाला. फुकट नाही, रोपाने केलेली साखर ते त्यासाठी खर्च करतात. तोच अमोनिया युरियाच्या कारखान्यासाठी करताना ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दोनशेपटीच्या आसपास दाब लागतो. जिवाणूच्या हातात जे हत्यार आहे त्याच्या गाभ्याशी सात लोखंडाचे, नऊ गंधकाचे, एक मॉलिब्डेनमचा आणि मध्यभागी एक कार्बनचा, असा अणूंचा एक पुंजका असतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा गुंता इतका, की नेहमीच्या युक्त्या तेथे अडखळतात. या पुंजक्याचा हिशेब बसवणे हे क्वांटम संगणकापुढचे एक ठरलेले लक्ष्य झाले आहे. तो बसला की लगेच स्वस्त खत मिळेल, असे मात्र समजू नये. हिशेब कळणे आणि कारखाना उभा राहणे यांत मोठा प्रवास असतो.

आणि तो हिशेबही अजून दूर आहे. मॅक्लीन, बॅबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अंदाज काढला, की त्यासाठी सुमारे चाळीस लाख क्यूबिट लागतील आणि मग चार दिवसांच्या आत काम होईल. क्यूबिट फार चुका करतात, म्हणून एका भरवशाच्या क्यूबिटामागे पुष्कळ राखणदार क्यूबिट ठेवावे लागतात. त्यामुळे ही संख्या इतकी फुगते. आय.बी.एम.ने २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केलेल्या यंत्रभागात १,१२१ क्यूबिट होते. चाळीस लाख कोठे आणि अकराशे कोठे! शिवाय २०२३ मध्येच गार्नेट चॅन यांच्यासह बऱ्याच तज्ज्ञांनी, आणि त्यांत बॅबुशही होते, सारा पुरावा तपासून असे लिहिले, की रसायनाच्या सर्वसाधारण रेणूंसाठी क्वांटम संगणक साध्या संगणकाला अफाट मागे टाकील असा पुरावा अजून मिळालेला नाही. साध्या संगणकावरच्या युक्त्याही दरम्यान सुधारत गेल्या आहेत, हे विसरून चालत नाही. आस्पुरू-गुझिक यांच्या हार्वर्डच्या प्रयोगशाळेतून २०१७ मध्ये निघालेल्या एका कंपनीलाही २०२४ च्या ऑक्टोबरात काम थांबवावे लागले. तेव्हा ही विजयाची कथा म्हणून मी सांगितलेली नाही.

२०१८ मध्ये ते कॅनडातील टोरंटो विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी क्वांटम रीतींचे काम सोडले नाही, पण त्याच्या जोडीला आणखी एक उद्योग आरंभला. प्रयोगशाळेत यंत्रमानव रसायने मिसळतात, मापे घेतात, आणि पुढचा प्रयोग कोणता करावा हे संगणक ठरवतो. म्हणजे मोठी फेरी मारून मंडळी पुन्हा परीक्षानळीपाशी आली आहेत.

आपल्याकडेही या यंत्राचे काम चालू आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या यंत्रभागाची चाचणी पुरी केल्याचे २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. बेरिलियम हायड्राइडला सहाच लागले होते, हे मघाशी सांगितलेच आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट राहिली. आमच्या महाविद्यालयात दर वर्षी काही मुले गणित टाळता यावे म्हणून रसायन घेतात, आणि शाळेतूनच त्यांना तसा सल्ला मिळालेला असतो. मी वर सांगितलेले सारे काम ज्या गणितावर उभे आहे त्यात सारणी, सदिश आणि संभाव्यता यांचा वाटा फार मोठा आहे. यांची तोंडओळख बारावीपर्यंत होते. रसायनाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी पुढे काय वाचू असे विचारायला आली, तर सारणींचे एखादे सोपे पुस्तक तिच्या हाती द्यावे, आणि दोन गुणिले दोनच्या सारणीपासून सुरुवात करावी. एका क्यूबिटावरची प्रत्येक क्रिया तेवढ्याच सारणीत मांडता येते.